थेंब्याची शीळ

पिल्लांच्या खोलीत बोलायचं नाही, हा आमच्या पक्षी-संवर्धन केंद्रातला पहिला नियम. शिंक आली तर नाक दाबून बाहेर पळायचं. चपला दाराबाहेर काढायच्या, घड्याळ डब्यात ठेवायचं, अंगावर मातकट झगा चढवायचा आणि उजव्या हातात मोजा. मोज्याच्या टोकाला मी स्वतः चोच शिवली आहे, वर डोळे म्हणून दोन काळे मणी. पडद्याच्या फटीतून तो हात आत घालायचा, चोचीत अळी धरायची आणि पिल्लाने आ केला की सोडायची. भरवणारी आईच आहे असं त्याला वाटलं पाहिजे. माणूस नावाचं काही जगात आहे, हे त्याला जितकं उशिरा कळेल तितकं बरं.

चौदा वर्षं मी हे करते आहे. दिवसभर गप्प राहून घरी आलं की माझा आवाज लवकर फुटत नाही. बाबा दारातच म्हणायचे, "आली का मुकी? आता जेवताना तरी चार शब्द बोल, की मीही हातात चोच घालून बसू?"

आमचा पक्षी थेंब्या. ओंजळीत मावेल एवढा, वाळक्या गवताच्या रंगाचा, गळ्याशी पुसट पिवळा ठिपका. समोर बसला तरी दिसायचा नाही असा. त्याची सगळी श्रीमंती गळ्यात. सकाळी नर बोरूच्या शेंड्यावर चढून गातो: तीन सूर थेंबांसारखे सुटे सुटे, आणि मग एक लांब, वर चढत जाणारी धार. हे गाणं तो जन्माला येताना घेऊन येत नाही, बापाकडून शिकतो. पंख फुटल्यावर दोन महिने पोरं बापाच्या मागे मागे हिंडतात, नुसती ऐकत. तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. पुढच्या वर्षी, विणीच्या दिवसांत, एकदम गातात. आणि मादी त्या गाण्यावरच आपला नर ओळखते. गाणं नाही तर संसार नाही.

आमच्या खोलीत बाप कुठून आणायचा? म्हणून भिंतीत स्पीकर. थेंब्याच्या गाण्याची स्वच्छ ध्वनिफीत आहे ती एकच, सव्वीस वर्षांपूर्वी आमच्याच दलदलीत घेतलेली. तेव्हा पाहणीला आलेल्या लोकांना वाट दाखवणारे राखणदार म्हणजे माझे बाबा. केंद्राच्या व्हरांड्यात त्यांचा फोटो आहे: गुडघाभर चिखल, खांद्यावर काठी, आणि तोंडावर असं हसू, की फोटो काढणाऱ्याने काहीतरी चावट विचारलं असावं. खाली पाटी, 'यांच्यामुळे थेंब्या सापडला.'

स्पीकर सुरू झाला की मला आमचं दलदलीकाठचं घर आठवायचं. बाबा कंदिलाची काच पुसता पुसता तीच शीळ घालायचे, आणि आई त्या शिळेवर शब्द बसवून मला झोपवायची:

तीन थेंब पडती गं, चौथ्याला धार लागे
बोरूच्या बनामध्ये कोणाचा बाप जागे

आई लवकर गेली. नंतर झोपवायला नुसती शीळच असायची, बिनशब्दांची. मला तीही पुरायची.

दोन वर्षांपूर्वी बाहेर तीन माद्या होत्या आणि नर एकच. म्हणून आम्ही आमचे सहा तरुण नर दलदलीत सोडले. छान धडधाकट होते. बोरूवर चढून गायलेही. पण एकाही मादीने त्यांच्याकडे मान वळवली नाही. वर्षभरात सहाच्या सहा गेले, दोन माद्याही गेल्या. अहवालात लिहिलं गेलं, 'पिंजऱ्यातले पक्षी अशक्त.' पक्षी अशक्त म्हणजे भरवणारीचा दोष. मी तो मुकाट्याने पदरात घेतला, अळ्या बदलल्या, उन्हाचे तास वाढवले, रोज सकाळी मोज्याची चोच उकळत्या पाण्यातून काढायला लागले.

आता बाहेर उरली होती एक जोडी. सगळ्या दलदलीत एकच. आणि तिच्या घरट्यात चार अंडी.

ती अंडी आणून उबवणी यंत्रात ठेवायची की तिथेच राहू द्यायची, हे आठवड्यात ठरायचं होतं. केंद्राचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणतो, त्यांचं मत पक्कं होतं.

"उघड्यावर चारातलं एक जगलं तर नशीब. ताई, तुमच्या खोलीत चारातली तीन जगतात. यात डोकं खाजवण्यासारखं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं त्यात. कागदावर उबवणीवालीची सही लागते, की ही अंडी मी वाढवीन. मी पेनाचं टोपण काढलंही होतं. पण अंडी किती दिवसांची आहेत हे पाहिल्याशिवाय यंत्राची ऊब ठरवता येत नाही, म्हणून आधी दलदलीत जाऊन यायचं ठरलं. बरोबर आमची पाखरांची डॉक्टरीणबाई. वयाने माझ्या धाकट्या बहिणीसारखी, पण जीभ अशी की साहेबही तिच्यासमोर वाक्य जुळवून बोलतात.

बोरूच्या आडोशात आम्ही उजाडल्यापासून बसलो. पाय चिखलात, गुडघे हनुवटीला. मी इतकी वर्षं थेंब्यांमध्ये काढली, पण कळत्या वयात रानातला थेंब्या इतक्या जवळून ऐकायची ही पहिलीच वेळ. माझं सगळं आयुष्य त्या पडद्याआड गेलं.

नर शेंड्यावर आला. गायला. तीन थेंब, आणि लगेच धार.

डॉक्टरीणबाई माझ्या कानाशी लागली. "ताई, हा चुकतोय."

तो पुन्हा गायला. खरंच, काहीतरी निराळं होतं. आमच्याकडच्या गाण्यात तिसऱ्या थेंबानंतर एक लहानसा थांबा असतो, पापणी लवेल एवढा. याच्याकडे थांबाच नव्हता. तिसऱ्या थेंबाच्या पोटातूनच धार निघत होती.

"एकटा पडलाय बिचारा," ती म्हणाली. "ऐकणारं कोणी नाही, दुरुस्त करणारं कोणी नाही. विसरला असेल."

पण घरट्यावरची मादी त्या चुकलेल्या गाण्याला दर वेळी मान वर करत होती.

डॉक्टरीणबाईच्या फोनवर आमची ध्वनिफीत होती. "बघू हं, खऱ्या गाण्याला काय करतो ते," म्हणून तिने ती हळू आवाजात लावली. दाराशी परका नर गायला तर थेंब्या जिवावर उदार होऊन भांडायला येतो, हे लहान पोरालाही माहीत. हा आला नाही. शेंड्यावर बसून पंख साफ करत राहिला. मादीनेही मान उचलली नाही. दोघांनाही तो वाऱ्याचा आवाज होता, दाराच्या बिजागरीचा आवाज होता, काहीही होता, पण थेंब्याचा नव्हता.

"बहिरे झालेत की काय दोघं!" डॉक्टरीणबाई पुटपुटली आणि पुन्हा लावली.

दुसऱ्यांदा ऐकताना माझं लक्ष नुसतं त्या थांब्याकडे होतं. तो थांबा माझ्या ओळखीचा होता. काच पुसणारा हात तिथे थांबायचा, खांदे किंचित वर जायचे. पाखराला तिथे थांबायची गरजच नाही. तिथे थांबावं लागतं ते माणसाला. श्वास घ्यायला.

मादी चरायला उठली तेव्हा डॉक्टरीणबाईने अंडी दिव्यावर धरून पाहिली. सहा दिवसांची. चारही जिवंत. मी तो आकडा वहीत टिपला आणि तिथून थेट घरी गेले.

घरी बाबा खिडकीशी बसून नखं काढत होते. छातीचं दुखणं जडल्यापासून ते फारसे बाहेर पडत नाहीत.

मी समोर बसले. "बाबा, ती ध्वनिफीत तुमची आहे?"

"म्हणजे? यंत्र त्या लोकांचं होतं."

"गाणं कोणाचं होतं?"

त्यांनी नखांचे तुकडे कागदात गोळा केले, कागदाची पुडी केली, पुडी खिशात घातली, मग पुन्हा बाहेर काढली.

"कोणी सांगितलं?"

"पक्ष्यानेच सांगितलं."

"बोलला शेवटी," बाबा म्हणाले. "तेव्हा मात्र एक शब्द बोलेना." आणि मग खिडकीबाहेर बघत, "तीन दिवस ती माणसं चिखलात बसली होती गं. मी आपला म्हणतोय, आज गाईल, आता गाईल. चौथ्या दिवशी सामान बांधायला लागले. इथे काही नाही, असं लिहून जाणार होते. आणि इथे काही नाही म्हटलं की भराव घालणारे तयारच होते, गाड्या रस्त्यावर उभ्या होत्या. थेंबे होते पोरी! आईशप्पथ होते, चाळीस तरी. मी रोज ऐकत होतो. पण त्या चार दिवसांत नेमके त्यांच्या तोंडाला कुलूप. मग मी म्हटलं, यांच्या वतीने मी बोलतो. बोरूच्या मागे गेलो आणि घातली शीळ. त्यांचा मोठा साहेब रडला होता ऐकून. मी लाजलो."

"नंतर सांगायचं तरी!"

"कशाला? दलदल वाचली. सगळे खूश. मला काय माहीत, त्या एका शिळेवर तुम्ही पोरं शिकवायला घ्याल म्हणून? पहिल्यांदा तुमच्या जाळीबाहेर उभा राहून ऐकलं ना, तेव्हा कळलं, ही तर माझीच शीळ. वाटलं, सांगावं. मग तू बाहेर आलीस, झगा घातलेली, आणि म्हणालीस, बाबा, माझी पोरं गातायत. मग कसं सांगणार?"

मला आठवलं. त्या दिवशी ते जेवले नव्हते. उन्हाने असेल म्हणून मी कानामागे टाकलं होतं.

"ती सहा," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "ती सहा माझ्यामुळे गेली. मी रोज मोजतो त्यांना."

बाबांनी ती पुडी पुन्हा खिशात घातली. मग त्यांनी विचारलं, "केंद्रात सांगणार?"

"सांगावंच लागेल."

"मी मेल्यावर सांगितलंस तर नाही का चालणार? फार दिवस लावणार नाही मी."

"अंडी तेवढी थांबणार नाहीत, बाबा."

ते हसले. त्या फोटोतलं हसू नव्हे, निराळंच. "मग माझा तो चांगला सदरा काढून ठेव. मी येतो. माझ्या गुन्ह्याला तू कशाला उभी राहतेस?"

बैठकीच्या खोलीत साहेब होते, डॉक्टरीणबाई होती, वरून आलेले दोन पाहुणे होते. बाबांना मी व्हरांड्यात बाकावर बसवलं होतं, त्यांच्याच फोटोखाली. मी उभी राहून जे होतं ते सांगितलं. दलदलीत काय ऐकलं, मादीने काय केलं, शीळ कोणाची. सांगताना मी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होते. साहेबांकडे बघायची हिंमत नव्हती.

"अहो, पण ते पडताळून पाहिलं होतं," साहेब म्हणाले. "दर वर्षी आपल्या पक्ष्यांची गाणी मूळ गाण्याशी ताडून बघतो. तंतोतंत जुळतात."

"मूळ म्हणजे तीच ध्वनिफीत ना, साहेब?"

साहेबांनी चष्मा काढला.

मग बाबांना आत बोलावलं. त्यांनी कोणाला नमस्कार केला नाही, कारण सांगितलं नाही, माफी मागितली नाही. खिडकी उघडायला सांगितली. अंगणापलीकडे मोठी जाळी आहे, तिच्यात आमचे सात जुने थेंबे. बाबांनी खिडकीची चौकट धरली, दोनदा खोकले, आणि शीळ घातली. तीन थेंब. श्वास. धार. दुखऱ्या छातीची धार ती, मध्येच फाटली, टोकाला पोचलीच नाही.

जाळीतून उत्तर आलं. आधी एक, मग दुसरा. नरांपाठोपाठ माद्यांची बारीक किलबिल. सगळा पिंजरा त्यांना ओ देत होता. इतकी वर्षं भिंतीतून हाक मारणारा बाप आज त्यांना खिडकीत सापडला होता. बाबा चौकटीला धरून उभे, डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान नाही. डॉक्टरीणबाई उठून कपाटात काहीतरी शोधायला लागली. त्या कपाटात जुन्या पावत्यांशिवाय काही नसतं.

साहेबांनीच आधी आवाज सावरला. "मी एक वाईट प्रश्न विचारतो. गाणं वेगळं असलं तर बिघडलं काय? नर-मादी दोन्ही आपल्याकडचे सोडू. आपापसांत जुळतील. पक्षी तर उरेल."

"उरेल," मी म्हटलं. "पण बाहेरची जोडी त्यांना आपलं मानणार नाही. आपण चार अंडी आणली, तर तीही पोरं माझ्या बापाचंच गाणं शिकतील. मग खरं गाणारा तो एकटा नर. तो गेला की खरं गाणं कोणी ऐकलेलंच नसेल. पक्षी आपण घडवू शकतो, साहेब. मी घडवले आहेत. बाप मला घडवता येत नाही."

"मग त्या नराचं गाणं नव्याने घेऊ. रोज स्पीकरवर लावू."

"घेऊच," डॉक्टरीणबाई कपाटातूनच म्हणाली. "पण एकदा यंत्राच्या भरवशावर राहून पाहिलंय की आपण. पोरांनी बापाच्या मागे हिंडावं लागतं. अंडी तिथेच राहू दे. यंदाची आपली पाच पिल्लं अजून ऐकायच्या वयात आहेत. त्यांनाच उचलून त्याच्या दारात नेऊ. बोरूत जाळी बांधू."

"आणि घरट्याला काही झालं तर?"

तिने माझ्याकडे पाहिलं. हे उत्तर द्यायचं काम माझं होतं.

"तर ते माझ्या अंगावर," मी म्हटलं. कागद तसाच टेबलावर ठेवला. सही केली नाही.

तिसऱ्या दिवशी जाळी उभी राहिली. घरट्यापासून हाकेच्या अंतरावर, चहूबाजूंनी बोरू. पाच पिल्लं आत सोडली तेव्हा ती एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसली. स्पीकर नाही, पडदा नाही, वर एवढं मोठं आभाळ. दुसऱ्या सकाळी नर नेहमीच्या शेंड्यावर गायला आणि पाचांतल्या एकाने मान तिरकी केली. बस, एवढंच. त्या एका तिरक्या मानेवर मी पाच दिवस काढले.

अंडी फुटायला दोन दिवस असताना घरटं रिकामं सापडलं. कवच नाही, पीस नाही, एक काडी हललेली नाही. साप असणार, डॉक्टरीणबाई म्हणाली. साप असा नीटनेटका चोर असतो. मी घरट्यात हात घालून पाहिला. आतलं मऊ गवत अजून खोलगट होतं, चार जणांच्या मापाचं.

साहेब स्वतः आले. चिखलात बूट रुतवत बराच वेळ उभे राहिले.

"यंत्रात असती तर," ते म्हणाले आणि थांबले.

"हो," मी म्हटलं. "यंत्रात असती तर जगली असती."

त्यांना बहुतेक वाटलं होतं की मी काहीतरी बाजू मांडीन. माझ्याकडे बाजू नव्हती. चार जिवंत अंडी मी दिव्यावर पाहिली होती. आत लाल धाग्यासारख्या शिरा होत्या. त्या माझ्या मोज्याखाली मोठ्या झाल्या असत्या, माझ्या बापाचं गाणं गायल्या असत्या, आणि रानात त्यांना कोणी विचारलं नसतं. हे सगळं खरं असूनही त्या रात्री मला झोप आली नाही.

मादी दोन दिवस घरट्याभोवती फिरली, मग दिसेनाशी झाली. नर मात्र पेटला. पूर्वी सकाळी तासभर गायचा, आता उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत. तिला हाक मारत होता, की कोणालाही. शेंडा सोडून तो आमच्या जाळीच्या खांबावर येऊन बसायला लागला आणि खाली आमची पाच जणं खाणं टाकून, पिसं अंगाशी आवळून, ऐकत राहायची. दुसऱ्याच्या दुःखावर माझ्या पोरांची शाळा चालली होती. मी लांब आडोशात बसून बघत होते आणि मला त्याची लाज वाटत होती, आणि तो गायचा थांबू नये असंही वाटत होतं.

घरी बाबा विचारायचे, "कसा गातो गं?"

"न थांबता," मी सांगायचे.

"तसाच गायचा त्याचा आजा," ते म्हणायचे. "मला कधी जमलंच नाही ते."

मोठ्या जाळीतल्या सातांना आता कुठेही सोडता येणार नाही. ते जन्मभर तिथेच राहतील. बाबा अधूनमधून केंद्रात यायचा हट्ट धरतात. डॉक्टर नको म्हणतात, तरी मी नेते. ते जाळीशी खुर्ची टाकून बसतात, शीळ घालत नाहीत, पण त्यांचा खोकला ऐकूनच सातही जण जवळच्या दांडीवर येऊन बसतात.

घरटं गेल्याच्या बाराव्या दिवशी नर आला नाही. ऊन वर आलं, बोरूची सावली आखडली, खांब रिकामाच. मी डॉक्टरीणबाईला उत्तरेकडे शोधायला पाठवलं, स्वतः दक्षिणेकडे गेले, दुपारपर्यंत पाणी तुडवलं. परत आले तेव्हा पाचही पिल्लं खांबाकडे तोंड करून बसलेली होती.

साहेबांचा फोन आला. "आला का आज?"

"नाही."

"किती दिवस ऐकलं पोरांनी?"

"घरटं गेल्यावरचे अकरा. आधीचे पाच."

"पुरतील?"

"ते पुढच्या विणीला कळेल, साहेब. त्याआधी ही तोंड उघडणार नाहीत."

मग म्हणाले, "मग पिल्लं परत खोलीत आणायची? तिथे सुरक्षित तरी राहतील."

मी जाळीकडे पाहिलं. वारा होता. पाचांच्या मागे बोरू सारखा हलत होता आणि त्यातल्या एखाद्या शेंड्यावर तो अजून येऊन बसेल, असं मलाही वाटत होतं.

"आजच्या दिवस नको," मी म्हटलं. "उद्या सकाळपर्यंत जाळी इथेच राहू दे."